यश आणि शिवेतरक्षती : आधुनिक भारतीय लेखकाच्या कीर्तीचा विनियोग

१

काश्मीरच्या मम्मटाने अकराव्या शतकात ‘काव्यप्रकाशा’च्या आरंभीच काव्याची सहा प्रयोजने सांगितली. त्यांत यश पहिले आहे आणि शिवेतरक्षती, म्हणजे अमंगलाचे निवारण, चौथे. मम्मटाने दिलेली उदाहरणे या संदर्भात पाहण्यासारखी आहेत. यशासाठी त्याने कालिदासाचे नाव घेतले आहे, तर अमंगलनिवारणासाठी मयूर कवीचे. मयूराने सूर्याचे स्तवन रचले आणि त्याची व्याधी दूर झाली, अशी परंपरागत कथा आहे. म्हणजे कवीच्या वाणीने ज्याचे अमंगल टळते तो येथे स्वतः कवीच आहे. कालिदासाला लाभलेल्या यशाने कोणा शेतकऱ्याचे कर्ज फिटावे, कोणा वेठबिगाराची सुटका व्हावी, अशी अपेक्षा मम्मटाच्या मनाला शिवतही नाही. यश आणि शिवेतरक्षती ही दोन प्रयोजने एका कारिकेत शेजारी नांदतात; त्यांचा परस्परांशी व्यवहार नाही.

हा व्यवहार आधुनिक काळात सुरू झाला. मुद्रणामुळे लेखकाला अनोळखी वाचकांचा मोठा समुदाय मिळाला, वृत्तपत्रांमुळे त्याच्या नावाला बातमीमूल्य आले, आणि वासाहतिक सत्तेपुढे प्रजेच्या वतीने कोणी बोलायचे हा प्रश्न उभा राहिल्यावर समाजाने साहजिकच ज्यांचे नाव सत्तेच्याही कानावर गेलेले आहे अशांकडे पाहिले. प्रसिद्ध माणसांनी आपली प्रसिद्धी इतरांच्या उपयोगी आणावी काय, हा प्रश्न आपण बहुधा व्यक्तिगत नीतीचा म्हणून चर्चितो. उत्तर ‘होय’ असे देऊन मोकळेही होतो. परंतु वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकाला त्या ‘होय’मध्ये फारसा रस असण्याचे कारण नाही. ही कीर्ती प्रत्यक्ष वापरली गेली तेव्हा काय घडले, कोणाचे नाव पुढे आले आणि कोणाचे मागे पडले, हे पाहणे अधिक अगत्याचे आहे.

या प्रश्नाकडे माझे लक्ष वेधले ते एका विद्यार्थ्याने. तौलनिक साहित्याच्या वर्गात मी रवींद्रनाथांचे १९१९ मधील पत्र शिकवीत होतो. अशा वर्गात आठ-दहा भाषांतून आलेली मुले असतात आणि प्रत्येकाचा रवींद्रनाथ थोडा वेगळा असतो. पंजाबातून आलेल्या एका विद्यार्थ्याने तास संपताना अगदी शांतपणे विचारले, “सर, त्या बागेत मेलेल्यांपैकी किती जणांची नावे आपण शिकतो?” मला एकही नाव सांगता आले नाही. पत्राची पार्श्वभूमी, त्याची शैली, त्याचे पडसाद, सारे मी तासभर सांगितले होते. पुढील विवेचन म्हणजे त्या प्रश्नाला दिलेले उशिराचे उत्तर होय. तेही पुरते नाही.

२

१३ एप्रिल १९१९ रोजी अमृतसरच्या जालियनवाला बागेत गोळीबार झाला. मृतांचा सरकारी आकडा ३७९ होता. लोकांच्या मते तो कितीतरी अधिक होता. पंजाबात लष्करी कायदा पुकारला गेला, बातम्यांवर कडक नियंत्रण आले, आणि बंगालपर्यंत जे पोहोचले ते तुकड्यातुकड्यांनी पोहोचले. या काळात बोलणाऱ्यांचे काय झाले ते आधी ध्यानात घ्यावे. मुंबईच्या ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बी. जी. हॉर्निमन हे जन्माने इंग्रज; सरकारवर टीका केल्याबद्दल त्यांना एप्रिलच्या अखेरीस हद्दपार करून इंग्लंडला रवाना करण्यात आले. लाहोरच्या ‘ट्रिब्यून’चे संपादक कालीनाथ राय यांना तुरुंगवासाची शिक्षा झाली. शब्दांची किंमत त्या दिवसांत अशी मोजली जात होती.

रवींद्रनाथांनी प्रथम पत्राचा विचार केलेला नव्हता. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी सांगितलेल्या आठवणींवरून क्रम असा दिसतो : आपण आणि गांधी दोघांनी मिळून पंजाबात जावे, प्रवेशबंदी मोडावी आणि अटक झाली तर होऊ द्यावी, असा निरोप त्यांनी अँड्र्यूज यांच्याकरवी गांधींना धाडला. गांधींनी त्या वेळी ते मानले नाही. मग रवींद्रनाथ चित्तरंजन दासांकडे गेले आणि कलकत्त्यात निषेधसभा घ्यावी असे सुचवले. सभा घ्यायची तर अध्यक्षही आपणच व्हावे, भाषणही आपणच करावे, अशा थाटाचे उत्तर मिळाले. सर्व काही आपल्या एकट्याच्याच नावावर होणार असेल तर सभेची गरजच काय, अशा विषण्ण मनःस्थितीत ते परतले आणि रात्री जागून त्यांनी व्हाइसरॉय लॉर्ड चेम्सफर्ड यांना पत्र लिहिले. १९१५ मध्ये मिळालेल्या ‘सर’ या किताबातून आपल्याला मोकळे करावे अशी त्यात मागणी होती. भाषा थोडी सौम्य करावी असे अँड्र्यूज यांनी सुचवून पाहिले. रवींद्रनाथांनी ऐकले नाही.

या क्रमाकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. रवींद्रनाथांची पहिली इच्छा अनेकांमधला एक होण्याची होती. त्यांच्या कीर्तीनेच त्यांना एकटे पाडले. मोठे नाव जवळ असले की बाकीचे हात मागे घेतात आणि सारा भार त्या नावावर टाकून मोकळे होतात, हा अनुभव सार्वजनिक जीवनात अपवादात्मक नाही. पण त्याची इतकी स्वच्छ नोंद क्वचितच सापडते.

पत्राचा आशयही याच दृष्टीने वाचावा लागतो. ज्यांना नगण्य समजून माणसाला न साजणारी वागणूक दिली जाते त्या देशबांधवांच्या शेजारी, सर्व विशेष मानसन्मान उतरवून, आपण उभे राहू इच्छितो, असे रवींद्रनाथ म्हणतात. नगण्यता आणि मानसन्मान ही एकाच तराजूची दोन पारडी आहेत, हे त्यांना कळले होते. एकाला ‘सर’ म्हणणारी व्यवस्थाच दुसऱ्याला बागेत कोंडून गोळ्या घालू शकते. एरवी कीर्तिमान माणसे आपले वजन दुर्बलांच्या पारड्यात टाकतात. येथे कवीने आपल्या पारड्यातले वजन काढून घेतले. दोन्ही कृतींना आपण ‘कीर्तीचा उपयोग’ म्हणतो खरे, पण त्यांची जात निराळी आहे.

तौलनिक अभ्यासकाला येथे एमिल झोलाची आठवण होणे अपरिहार्य आहे. १३ जानेवारी १८९८ रोजी पॅरिसच्या ‘लॉरोर’ या दैनिकात प्रसिद्ध झालेल्या अनावृत पत्रात झोलाने सेनाधिकाऱ्यांची नावे घेऊन आरोप केले, ते आपल्यावर खटला व्हावा म्हणूनच. खटला झाला, शिक्षा झाली, आणि त्याच वर्षीच्या जुलैत झोलाला इंग्लंडमध्ये पळून जावे लागले. हेतू हा की बंद दरवाजाआड निकालात निघालेले ड्रायफसचे प्रकरण उघड्या न्यायालयात यावे. ड्रायफसला १८९९ मध्ये माफी मिळाली व १९०६ मध्ये तो पूर्णतः निर्दोष ठरला. झोलापाशी वाचवण्यासारखा एक जिवंत, नाव असलेला माणूस होता. रवींद्रनाथांपाशी मेलेल्यांचा निनावी जमाव होता, आणि त्यांच्यावर खटला भरण्याइतके सरकार भोळे नव्हते. सरकारने किताब औपचारिकपणे परत घेण्याचेही टाळले. कालीनाथ राय यांना तुरुंग मिळाला. रवींद्रनाथांना उपेक्षेने भरलेले मौन मिळाले. १९२०च्या इंग्लंडभेटीत जुन्या इंग्रज स्नेह्यांच्या वागण्यात त्यांना गारठा जाणवला. अमेरिकेतही विश्वभारतीसाठी अपेक्षेप्रमाणे पैसा उभा राहिला नाही. किंमत मोजावी लागली ती एवढी. ती फार मोठी होती असे म्हणणे कालीनाथ राय यांच्यावर अन्याय करणारे होईल.

मग पत्राने साधले काय? पंजाबातील एकाचीही शिक्षा त्यामुळे टळली असे म्हणता येत नाही. परंतु लोक जे दबल्या आवाजात बोलत होते ते उघडपणे बोलण्याची एक रीत त्याने घालून दिली. तेवढे श्रेय निःसंशय द्यावे. त्याचबरोबर हेही सांगितले पाहिजे की दोनच वर्षांनी असहकाराच्या चळवळीत सारा देश रवींद्रनाथांचे नाव मागत असताना त्यांनी ते दिले नाही. चरख्याविषयी आणि परदेशी कापडाच्या होळीविषयी त्यांचे मतभेद होते. १९२१ मध्ये त्यांनी ते लिहून मांडले आणि गांधींनीही जाहीर उत्तर दिले. कीर्ती लोकांच्या कामी यावी या म्हणण्याचा अर्थ, लोक मागतील त्या कामी ती यावी असा होत नाही. आज प्रत्येक प्रश्नावर नामवंतांनी तत्काळ ‘भूमिका’ घ्यावी असा जो तगादा असतो, त्याच्या संदर्भात १९१९ इतकेच १९२१ हे वर्षही वाचले पाहिजे.

रवींद्रनाथांच्या कीर्तीचा आणखी एक विनियोग आहे, त्याची चर्चा फार होत नाही. पूर्व बंगालमधील पातिसर येथे, आपल्या जमीनदारीतील कुळांची सावकारी पाशातून सुटका व्हावी म्हणून, त्यांनी १९०५ मध्ये कृषी बँक काढली होती. नोबेल पुरस्काराची एक लाखाहून अधिक रुपयांची रक्कम त्यांनी या बँकेत ठेवली. व्याज शांतिनिकेतनच्या शाळेला आणि मुद्दल शेतकऱ्यांच्या कर्जासाठी, अशी ती दुहेरी योजना होती. पुढे ग्रामीण कर्जनिवारणाचे कायदे आले, दिलेली कर्जे वसूल होईनात, बँक बुडाली आणि नोबेलची रक्कम तिच्याबरोबर गेली. ‘गीतांजली’च्या कवीला युरोपने दिलेला पैसा कालिग्राम परगण्यातील कुळांच्या शेतात जिरला. ते कोण, त्यांतल्या कितींनी जमीन सोडवून घेतली, याची हकीकत कोणत्याही वाङ्मयेतिहासात नाही. जमीनदार आणि कवी एकच असल्यामुळे या दानशूरतेलाही एक अवघड बाजू आहे, हे अर्थातच नाकारता येत नाही. उतारवयात हाच कवी नृत्यनाट्याचा संच घेऊन विश्वभारतीसाठी गावोगाव निधी गोळा करीत हिंडला. १९३६ मध्ये दिल्लीत गांधींच्या कानावर हे गेले तेव्हा त्यांनी साठ हजार रुपयांची सोय करून ती वणवण थांबवली. त्या वेळी रवींद्रनाथांचे वय ७४ होते.

३

मराठीत या प्रश्नाचे सर्वांत अवघड रूप पंढरपुरात दिसते.

चोखामेळ्याची समाधी विठ्ठलमंदिराच्या महाद्वारासमोर आहे. ज्याचे अभंग आत गायिले जात होते त्याच्या जातीच्या माणसांना त्या दारातून आत जाता येत नव्हते, ही स्थिती विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकली. कीर्ती ज्याची त्याच्याच कामी येत नाही, असेही घडू शकते. सहा शतके टिकलेला चोखोबांचा लौकिक महाद्वाराची एक पायरीही ओलांडू शकला नाही.

१९४६ मध्ये साने गुरुजींनी हे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषणाचा निर्धार जाहीर केला. सहकाऱ्यांच्या आग्रहावरून उपोषण पुढे ढकलून त्यांनी सेवादलाच्या कलापथकासह महाराष्ट्रभर दौरा केला, गावोगावची मंदिरे आणि पाणवठे खुले व्हावेत म्हणून सभा घेतल्या, आणि १ मे १९४७ रोजी पंढरपूरला तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू केले. गांधींनी तारेने उपोषण सोडण्याचा सल्ला दिला. गुरुजींनी तो मानला नाही. दादासाहेब मावळंकरांनी मध्यस्थी केली. मंदिर खुले करण्याचे मान्य झाल्यावर १० मे रोजी उपोषण सुटले.

या दहा दिवसांत पणाला लागले होते ते गुरुजींचे शरीर; परंतु त्यामागचे बळ एका पुस्तकाचे होते. ‘श्यामची आई’ १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली. १९४७ पर्यंत मराठी मध्यमवर्गातील एक अख्खी पिढी तिच्यावर रडून मोठी झाली होती. पंढरपूरला कोणी राजकीय कार्यकर्ता उपाशी नव्हता, श्याम उपाशी होता. ज्या घरांतून मंदिरप्रवेशाला मूक विरोध असे त्याच घरांतून हे पुस्तक वाचले जात होते. वाचकाच्या मनात लेखकाने निर्माण केलेली आप्तता ही एक प्रकारची पत असते. गुरुजींनी ती सारी एका खातेपालटात खर्च केली असे म्हटले तर ते अतिशयोक्त ठरू नये.

आता याच्या शेजारी दुसरे प्रकरण ठेवू. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो काही वर्षे चालवला. हजारो अस्पृश्य स्त्री-पुरुष त्यात उतरले, मार खाल्ला, तुरुंगात गेले. दार उघडले नाही. १९३४ मध्ये बाबासाहेबांनी सत्याग्रह थांबवण्याचा सल्ला दिला. मूर्तिपूजेसाठी हा लढा आपण कधी आरंभलाच नव्हता, अस्पृश्यांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी हा हेतू होता आणि तो साधला, अशी त्यांची भूमिका होती. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याची घोषणा झाली. १९४७ मध्ये पंढरपूरचे दार उघडले तेव्हा ज्यांच्यासाठी ते उघडले असे म्हटले जात होते, त्यांच्यातील जागृत वर्गाला त्या दाराचे अप्रूप उरले नव्हते.

एकीकडे हजारो निनावी माणसांचा काही वर्षांचा लढा, दुसरीकडे एका नामवंताचे दहा दिवस. काळाचे अंतर लक्षात घ्यावे लागेल. १९४७ मध्ये स्वातंत्र्य उंबरठ्यावर होते, मुंबई सरकार मंदिरप्रवेशाचा कायदा करण्याच्या मनःस्थितीत होते आणि तो त्याच वर्षी झालाही. तरीसुद्धा हा फरक केवळ काळाचा नाही. सवर्ण समाजाने ऐकले ते आपल्यापैकी एकाचे, आपल्या लाडक्या लेखकाचे. नाशिकच्या सत्याग्रहींचे म्हणणे तेच होते, ते अधिक स्पष्ट होते, आणि ज्यांचे होते त्यांच्याच तोंडून आलेले होते. म्हणूनच बहुधा ते ऐकले गेले नाही. आमच्या पाठ्यपुस्तकांतून पंढरपूरचे उपोषण एका थोर साहित्यिकाच्या करुणेची गाथा म्हणून येते. काळारामचा सत्याग्रह येतो तो राजकीय इतिहासाच्या प्रकरणात. ही विभागणी कोणी केली? आपणच, साहित्याच्या प्राध्यापकांनी.

असे म्हणताना गुरुजींच्या कृतीचे मोल मी कमी करू इच्छित नाही. त्यांच्या लेखी हे दुसऱ्यावर केलेले उपकार नव्हते. स्वकीयांच्या पापाचे प्रायश्चित्त होते, आणि त्या अर्थी त्यांचे उपोषण अस्पृश्यांसाठी नव्हे तर सवर्णांसाठी होते. हा भेद गुरुजींना उमगला होता. त्यांच्या चरित्रकारांना तो नेहमीच उमगला आहे असे नाही.

गुरुजी येथे थांबले असते तर कथा सोपी झाली असती. १९४९ च्या पुणे साहित्य संमेलनात त्यांनी ‘आंतरभारती’ची कल्पना मांडली : निरनिराळ्या प्रांतांतील तरुणांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांचे साहित्य वाचावे. तिच्यामागे विश्वभारतीचे उदाहरण होते. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात तमिळ सहबंदींच्या सहवासात राहिलेला, तिरुवळ्ळुवरांचे ‘कुरल’ मराठीत आणणारा हा लेखक आपल्या नावाचा उपयोग आता इतरांच्या भाषांसाठी करू पाहत होता. त्या कामासाठी लागणारा निधी त्याच्या नावावरही जमेना. उपोषणाला सारा महाराष्ट्र हलला, आणि भाषांसाठी झोळी रिकामी राहिली. कीर्तीकडून समाज काय घेऊ इच्छितो आणि काय नाही, हे यातून दिसते. ११ जून १९५० रोजी गुरुजींनी जीवनयात्रा संपवली.

पैशाच्या रूपाने कीर्ती वाटून देण्याचा एक प्रसन्न प्रकारही मराठीत आहे. पु. ल. देशपांडे यांनी प्रयोगांच्या व पुस्तकांच्या उत्पन्नातून प्रतिष्ठान उभे केले, १९८६ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्राला आरंभीच हात दिला, आणि १९७७ मध्ये आणीबाणीविरोधी प्रचारसभा गाजवून निकाल लागताच पुन्हा लेखनाकडे वळले. सत्तेच्या पंगतीत पान न मांडता उठून जाणे ही त्यातली लक्षणीय गोष्ट. त्याचा विचार स्वतंत्रपणे व्हावा.

४

महाश्वेतादेवी (१९२६–२०१६) यांच्यापाशी आल्यावर या प्रश्नाचे स्वरूपच पालटते. ‘अरण्येर अधिकार’ या कादंबरीला १९७९ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हा त्या प्रतिष्ठित लेखिका होत्या. त्याच सुमारास वडील मनीष घटक यांचे निधन झाले आणि ते चालवीत असलेले ‘बर्तिका’ हे लहानसे नियतकालिक १९८० पासून महाश्वेतादेवींनी हाती घेतले. साहित्यिक नियतकालिकाचे त्यांनी काय केले? त्यात शेतमजूर, आदिवासी, कारखान्यातील कामगार, रिक्षा ओढणारे यांच्याकडून लिहून घेतले. विषय त्यांचेच : मजुरी किती मिळते, कर्ज कोणाचे, गावात पाणी कोठून येते.

मनोरंजन ब्यापारी यांनी आत्मचरित्रात सांगितलेला प्रसंग आता सर्वश्रुत आहे. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित नामशूद्र कुटुंबातील हा तरुण तुरुंगात अक्षरे शिकला आणि सुटल्यावर जादवपूर भागात रिक्षा ओढू लागला. वाचताना अडलेल्या एका शब्दाचा अर्थ त्याने रिक्षात बसलेल्या, शिक्षिकेसारख्या दिसणाऱ्या बाईंना विचारला. शब्द होता ‘जिजीविषा’. बाईंनी अर्थ सांगितला, हा शब्द तुला कोठे भेटला ते विचारले, आणि तुझ्या जगण्याविषयी आमच्या पत्रिकेसाठी लिही असे सुचवले. त्या महाश्वेतादेवी होत्या. त्यांचेच पुस्तक तो वाचत होता. १९८१ मध्ये त्याचा लेख ‘बर्तिका’त आला. पुढे ब्यापारी बंगाली दलित साहित्यातील अग्रगण्य लेखक झाले, २०२० मध्ये पश्चिम बंगालच्या दलित साहित्य अकादमीचे अध्यक्ष आणि २०२१ मध्ये आमदार. या प्रसंगातील नाट्याने आपण मोहून जातो. मला त्यातली कोरडी बाब अधिक मोलाची वाटते : लेखिकेपाशी देण्यासाठी सहानुभूती नव्हे, छापील पाने होती.

परंतु पाने पुरेशी नसतात. लोधा जमातीतील पहिली पदवीधर स्त्री चुनी कोटाल हिची महाश्वेतादेवींना चांगली माहिती होती. विद्यापीठात शिकताना तिची जात काढून तिचा सतत पाणउतारा केला गेला. तक्रारी झाल्या, चौकशी रेंगाळली. ऑगस्ट १९९२ मध्ये चुनीने आत्महत्या केली. त्यानंतर महाश्वेतादेवींनी बंगालीत आणि इंग्रजीत सडेतोड लिहिले, ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’तून ते देशभर वाचले गेले. मेलेल्या चुनीला नाव मिळाले. जिवंत चुनीच्या छळणुकीला मात्र देशातील एका ख्यातनाम लेखिकेची ओळखही अटकाव करू शकली नाही. कीर्तीची पोच मोजायची तर हा प्रसंग वगळून चालणार नाही. गौरवग्रंथांतून तो बहुधा महाश्वेतादेवींच्या निर्भीड लेखनाचा दाखला म्हणून येतो, आणि मला ते खटकते.

१९९६ चे ज्ञानपीठ आणि १९९७ चा मॅगसेसे पुरस्कार यांनी त्यांचे नाव देशाबाहेर नेले. त्या पुरुलियाच्या पश्चिम बंग खेडिया शबर कल्याण समितीशी १९८३ पासून निगडित होत्या. पुरस्काराचा पैसा तिकडे गेला. शबर ही १८७१ च्या ‘गुन्हेगार जमाती’ कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवलेली जमात. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण पोलिसांच्या मनातून गेला नाही. फेब्रुवारी १९९८ मध्ये बुधन शबर या तरुणाला चोरीच्या संशयावरून पकडण्यात आले. आठवडाभरात कोठडीत त्याचा मृत्यू झाला. त्याने गळफास घेतला, असे पोलिसांनी सांगितले. समिती कलकत्ता उच्च न्यायालयात गेली. शबरांनी प्रेत जाळले नाही; गवताचा पुतळा जाळून देह घरातच पुरून ठेवला, आणि म्हणून दुसरी शवचिकित्सा होऊ शकली. न्यायालयाने पोलिसांचे म्हणणे फेटाळले, केंद्रीय अन्वेषण विभागाकडे तपास सोपवला आणि बुधनची पत्नी श्यामली हिला नुकसानभरपाई देण्याचा आदेश दिला.

या यशात कोणाचा वाटा किती? याचिकेमागे ज्ञानपीठविजेत्या लेखिकेचे नाव होते, म्हणून ती दुर्लक्षिली जाणे कठीण झाले, यात शंका नाही. परंतु पुरावा जपला तो निरक्षर शबरांनी, पोलिसांच्या नाकावर टिच्चून, आपल्या घराच्या जमिनीखाली. समिती त्यांच्यात वर्षानुवर्षे रुजलेली नसती तर हे धैर्य आणि ही युक्ती दोन्ही संभवली नसती. आणि समिती महाश्वेतादेवींच्या आधीपासून, १९६८ पासून, तेथे होती. कीर्ती येथे शेवटच्या टप्प्यावर कामी आली, ऐकणाऱ्याचे कान उघडण्यापुरती.

त्याच वर्षीच्या मार्चमध्ये बडोद्यातील व्याख्यानात महाश्वेतादेवींनी बुधनची हकीकत सांगितली. गणेश देवी आणि ‘उचल्या’चे लेखक लक्ष्मण गायकवाड यांच्यासह विमुक्त व भटक्या जमातींच्या हक्कांसाठी कृतिगट स्थापन झाला. गायकवाडांचा सहभाग मला विशेष अर्थपूर्ण वाटतो. ‘उचल्या’ला १९८८ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला होता, म्हणजे त्या गटात प्रसिद्ध लेखक होतेच, परंतु त्यांतील एकाला ती प्रसिद्धी जन्मजात गुन्हेगार ठरवल्या गेलेल्या आपल्याच जगण्याच्या कथनातून मिळालेली होती. मयूर कवीचे उदाहरण येथे अनपेक्षितपणे परत येते : स्वतःच्या व्याधीवर रचलेली वाणी. फरक इतकाच की ही व्याधी एकट्याची नव्हती.

महाश्वेतादेवींच्या अखेरच्या काळाविषयी मौन पाळणे योग्य होणार नाही. मार्च २००७ मधील नंदिग्रामच्या गोळीबारानंतर त्यांनी सत्ताधाऱ्यांविरुद्ध आपले सारे वजन खर्च केले. ते आवश्यक होते. पण २०११ च्या सत्तांतरापर्यंत त्यांची प्रतिमा एका पक्षाच्या प्रचाराला सोयीची झाली होती, आणि २०१२ मध्ये त्यांना बांग्ला अकादमीचे अध्यक्षपद नाराजीने सोडावे लागले. पुरुलियातील शबर त्यांचे नाव वापरीत तेव्हा काय घडत होते आणि पक्ष वापरीत होता तेव्हा काय घडले, यांची तुलना कोणी तरुण अभ्यासकाने सविस्तर करावी.

बडोद्यातील व्याख्यानानंतर महाश्वेतादेवी आणि गणेश देवी अहमदाबादच्या छारानगरात गेले. छारा हीदेखील जन्मजात गुन्हेगार ठरवली गेलेली जमात. तेथे आधी एक वाचनालय सुरू झाले. त्या वाचनालयात जमू लागलेल्या तरुणांपैकी कोणी बुधनला पाहिलेले नव्हते, पुरुलिया कोठे आहे हे बहुतेकांना ठाऊक नव्हते. पण कोठडीत काय होते ते त्यांना घरातूनच माहीत होते. त्यांनी नाटक बसवले आणि ३१ ऑगस्ट १९९८ रोजी, विमुक्तीच्या स्मरणदिनी, आपल्याच वस्तीत त्याचा पहिला प्रयोग केला. पुढे पोलिसांच्या प्रशिक्षणार्थींपुढेही त्यांनी नाटके केली. हे तरुण महाश्वेतादेवींना आजी मानत, अम्मा म्हणत. त्यांनी नाटकाला मात्र नाव दिले ‘बुधन’. आणि नाट्यसंस्थेचे नावही बुधन थिएटर असेच ठेवले.